वॉर्डामागचा घण

माझ्या धाकट्या लेकीला मुलगी झाली, त्याच वर्षी इस्पितळामागच्या मोकळ्या जागेत नवी इमारत बांधायचं ठरलं आणि तिथली जमीन तपासायचं काम आमच्या टोळीकडे आलं. माझी बायको तेव्हा त्याच इस्पितळात होती. छातीचा आजार, लागण होणारा. त्या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नसत. खिडकीच्या काचांना पांढरा रंग दिलेला. आम्ही भोक पाडत होतो ते तिच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर, पण आतलं काही दिसायचं नाही.

काम साधं असतं. भोकात नळी सोडायची आणि वरून ठरल्या उंचीवरून घण टाकायचा. नळीला जोडलेल्या गजावर खडूने सारख्या अंतरावर खुणा केलेल्या असतात. एका खुणेपासून दुसरीपर्यंत जायला ठोके जास्त लागले तर जमीन घट्ट, कमी लागले तर पोकळ. पहिल्या खुणेपर्यंतचे ठोके हिशोबात धरत नाहीत, कारण तळाची माती भोक पाडताना हललेली असते. पुढच्या ठोक्यांवरून साहेब पाया ठरवणार.

दोर मेहुणा ओढायचा. तिचाच भाऊ.

पहिल्या दिवशी दुपारी वॉर्डातली सिस्टर मागच्या दारात आली. मी विचारलं, "तिला आवाजाचा त्रास होतोय का?"

"उलट. म्हणतात, घण वाजला की कळतं, आमचा माणूस जागेवर आहे. आणि आज ठोके फार संथ पडतायत, भावाला म्हणावं डबा जरा कमी खा."

"ताईला सांगा," मेहुणा म्हणाला, "पडून ऐकायला काय जातं. दोर मी ओढतोय."

मग रोज असंच चाललं. जमीन घट्ट लागली की आतून निरोप यायचा, मुरूम लागला वाटतं. इतकी वर्षं माझी बडबड ऐकून तिला सगळं ठाऊक झालं होतं. एकदा सिस्टर म्हणाली, ताप उतरत नाही, जेवणही जात नाही. मी बरं म्हटलं आणि पुढची नळी जोडायला घेतली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

एका सकाळी घण उसळायला लागला. नळी सरकेना. खडक लागला की काम संपतं आणि टोळी दुसऱ्या गावाला जाते. मी साहेबांकडे बघत उभा राहिलो. साहेबांनी चार ठोके आणखी टाकायला लावले, वाकून खूण बघितली आणि म्हणाले, "मशीन लावा. खडक आहे की नुसता धोंडा, कापून बघू."

साहेब गेल्यावर मेहुणा म्हणाला, "मिळाले दाजी दोन दिवस."

मशीन घुर्र करत दगड कापत राहिलं. घण बाजूला काढून ठेवला होता. त्या दिवशी निरोप आला नाही. सिस्टरची सुट्टी असेल असं आम्ही धरलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपार कलता कलता ती दारात आली आणि आम्हाला बघून थबकली.

"तुम्ही अजून इथेच?"

"काम चालू आहे की."

"मला वाटलं तो आमचा जनरेटर आहे. कालपासून त्या विचारत होत्या, घण का थांबला. मी म्हटलं, काम झालं असेल, गेले असतील. तर म्हणाल्या, सांगून गेले असते. मग नंतर बोलल्याच नाहीत."

तिने दार पूर्ण उघडलं.

"या आत. आता सोडतात."

मेहुण्याने मशीन बंद केलं. नळीतला दगड काढून पेटीत ठेवल्याशिवाय जाता येत नाही, म्हणून आधी तो काढला. अखंड होता. खडकच होता.

माझी बायको त्या बुधवारी दुपारी वारली. नात तेव्हा महिन्याचीही झाली नव्हती.