रांगोळीची वाट

‘सॅपर आयुष्यात एकच चूक करतो, कारण दुसरी करायला तो उरत नाही!’ सैन्यात सुरुंग पेरण्या-काढण्यात हयात घालवलेले मेजर संताजी हे वाक्य आमच्या कानडी मुलखातल्या हेब्बाळच्या सोसायटीत दर गणपतीला माइकवरून ऐकवत. त्यावर पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी सकवारबाई म्हणत, "माझा रोज एक करतो. उरतोही."

यंदा सोसायटीने पार्किंगसाठी मागचा मोकळा प्लॉट जेसीबीने उकरला. तिथे फार पूर्वी लष्कराच्या कुठल्याशा तुकडीचा सराव चाले म्हणत. आम्हाला त्याचं महत्त्व एवढंच, की मोबाइलचं नेटवर्क फक्त तिथेच येई. पुण्याहून आलेला सुशांत ऑफिसचे सगळे कॉल तिथे फेऱ्या मारत घेई.

त्या संध्याकाळी त्याने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. ताज्या मातीतून वर आलेला गंजका, चपटा डबा. खाली प्रश्न : ‘हे कुणाचं आहे?’

मेजर बनियनवरच धावले. कुंपणाशी मी होतो, सुशांतची बायको श्वेता होती.

"सुशांता, जागचा हलू नको!"

"अण्णा, माझ्या पायाखाली नाहीये. बाजूला आहे."

"एकच सुरुंग कुणी पेरत नाही रे. ओळीने पेरतात. आत गेलास कसा?"

"चालत."

"ते दिसतंय. आल्या पावलांवर पाय ठेवून मागे ये, सावकाश."

सुशांतने खाली पाहिलं. आम्हीही पाहिलं. त्याची पावलं पुढे, मागे, आडवी, गोल अशी सगळीकडे होती. मातीत कुणी शेवया सांडाव्यात तशी.

"मॅनेजर ओरडत होता, अण्णा. मी फिरत होतो."

त्याच्या हातातल्या फोनमधून आवाज आला, "सुशांत, आर यू ऑन म्यूट?"

आम्ही बोलावलेलं पोलिसांचं बॉम्बपथक उड्डाणपुलावर अडकलं होतं. उजेड चालला होता. सुशांत जागीच डुलू लागला.

"हा पडणार," श्वेता म्हणाली. "अण्णा, हा नक्की पडणार."

"सकवार, विणायची सुई आण. स्टीलची. आणि रांगोळी."

बाईंनी दोन्ही आणून दिलं. "सुई वाकवू नका," एवढंच म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

मेजर पोटावर झोपले. सुई तिरकी खुपसायची, म्हणजे ती सुरुंगाच्या माथ्याला न लागता कुशीला लागते. खुपसायची, काढायची, बोटभर पुढे. दोन्ही बाजूंना रांगोळीची रेघ. तोंड मात्र चालूच.

"सुरुंग माणूस मारायला नसतो, श्वेता. थांबवायला असतो. एक फुटतो, आणि बाकीच्यांचं पाऊल उचलत नाही. मग त्यांना लांबून सावकाश..."

"अण्णा, प्लीज."

"सरी, सरी. बरं."

अर्ध्या वाटेवर सुई थांबली. मेजरही थांबले, आणि बोलायचेही थांबले. गणपतीत माइक काढून घेतल्याशिवाय हा माणूस गप्प झालेला मी पाहिला नव्हता. बोटांनी त्यांनी माती बाजूला केली, पाहिलं, आणि हात अलगद मागे घेतला. रांगोळीची रेघ तिथून वळली. पुढे पुन्हा वळली. सकवारबाईंनी माझा दंड धरला होता. तो मला नंतर दुखला.

मेजर सुशांतच्या पायाशी पोचले तेव्हा त्याने डोळे मिटले होते.

"आता रेघांच्या मधून. माझ्या मागे. फोन खिशात."

दोघे बाहेर आले. श्वेताने नवऱ्याला आधी मारलं, मग मिठी मारली.

पथक आलं. पहिला डबा त्यांनी उचलून हलवला. रिकामा, सरावाचा. सुईला लागलेल्या दुसऱ्याजवळ मात्र ते बराच वेळ वाकून राहिले. मग हळू आवाजात आमची इमारत रिकामी करायला सांगितली. तो सुशांतच्या रोजच्या फेऱ्यांच्या बरोबर मध्ये होता.

आम्ही सगळे रस्त्यावर आलो. सुशांत मेजरांपाशी आला. डोळे भरलेले होते. मेजरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अण्णा," तो म्हणाला, "तेवढी रांगोळी उद्यापर्यंत पुसू नका ना. सकाळी कॉल आहे."