सिकाड्याच्या टरफलांचा काढा

बसा विनयराव. आमच्या पोराची, देवदत्तची, गाडी चुकलीय, आत्ताच फोन आला, अर्धा तास तरी लागेल त्याला. तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो, चहा पिता पिता ऐका. खरी आहे. गेल्याच महिन्यात या मागच्या अंगणात घडली आणि माझ्या या नरड्याची आहे.

मी काही शिकलेला माणूस नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात बत्तीस वर्षं पुकारा केला. पुकारा म्हंजे काय, तर मालाभोवती पन्नास व्यापारी उभे, सगळे एकदम ओरडणार, आणि त्या गलक्यातनं बोली पकडून आपण सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची. माईक नाही, काही नाही. नरड्यावर घर चाललं आमचं.

त्याच नरड्यानं भावकीतल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं म्हटली. छापलेली नव्हेत हां. दर लग्नाला नवी. नवऱ्याचा आजा कोण, नवरीची आत्या कुठल्या गावची, सगळी नावं चालीत बसवायची. कागदावर काही नाही. इथं डोक्यात जुळवायची आणि उभं राहून म्हणायची.

आता माझी धाकटी, आश्लेषा, जर्सी सिटीत असते. तिचं लग्न ठरलं अनीशशी. पोरगा ओहायोतल्या डब्लिनचा, जन्म इथलाच, अमेरिकेतला. मराठी बोलतो, पण अंधारात जिना उतरल्यासारखं, एकेक पायरी चाचपत. गोड पोरगा आहे. पंधरा जूनला लग्न, इथं नेपरव्हिललाच, पार्कात झाडाखाली. आश्लेषानं मला एकच सांगितलं होतं, "बाबा, चौथ्या अष्टकात आईचं नाव घ्या. तुमच्याच तोंडून." तिची आई, आमची सुमित्रा, तीन वर्षांपूर्वी गेली. पोरीला तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. म्हणून त्या एका ओळीला किंमत होती, कळलं ना तुम्हाला.

आणि लग्नाला दहा दिवस असताना माझा आवाज गेला.

गेला तो या सिकाडा नावाच्या किड्यांपायी. तुम्ही तेव्हा इथं नव्हता. सतरा वर्षं जमिनीत राहतात म्हणे आणि मग सगळे एकदम वर. झाडावर, भिंतीवर, माझ्या चपलेत. आणि काय ओरडतात. देवदत्तच्या मशीननं गवत कापल्यासारखा आवाज, पण शंभर मशीनी. घरात सुनबाईच्या, नेत्राच्या, मीटिंगा चालू, म्हणून मी सरावाला बाहेर अंगणात. किडे ओरडले की मी वरचढ ओरडायचो. सवय हो बत्तीस वर्षांची. चार दिवसांत आवाज असा बसला की कुत्र्याला हाड म्हणता येईना.

नेत्रा औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिनं डॉक्टरकडे नेलं, त्यानं कॅमेरा घालून बघितलं, सूज आहे म्हणाला. नेत्रानं घरी येऊन समजावलं, "बाबा, कोमट पाणी आणि कम्प्लीट व्हॉइस रेस्ट. कुजबुजायचंसुद्धा नाही." मी मान हलवली आणि लगेच फोन लावून भावाला कुजबुजत सांगितलं की मला कुजबुजायला बंदी आहे.

देवदत्त म्हणाला, "बाबा, टेन्शन घेऊ नका, पंडितजी फोनवर लावतील ना मंगलाष्टकं." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गाडी धुवायला निघून गेला.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात, तोंड पाडून. पलीकडे लिनबाई. चीनहून आलेल्या, लेकीकडे राहतात. पंचाहत्तरीच्या असतील. इंग्रजी त्यांना येत नाही, मलाही नाही, त्यामुळं आमचं बरं जमतं. कागदाची पिशवी घेऊन त्या झाडावरनं सिकाड्यांची टरफलं वेचत होत्या. किडा वर येतो, पाठीवर उसवतो आणि सदरा काढून ठेवल्यासारखं कातडं तिथंच सोडून उडून जातो. पिवळं, पोकळ, पाय-डोळे सगळं शाबूत. मी "काय करताय" म्हणायला गेलो, तर नुसती हवा निघाली.

बाई थांबल्या. कुंपणाशी आल्या. माझ्या गळ्यावर बोट लावलं, "आ" करायला लावलं, आत बघितलं. मग पिशवीतलं एक टरफल उचलून मला दाखवलं, माझा गळा दाखवला, आणि झाडातल्या त्या गोंगाटाकडे हात केला. एवढ्यावरनं मला सगळं कळलं. जो एवढा ओरडतो त्याचा अंगरखा नरड्याला. त्यांच्या वैद्यकीत हे फार जुनं आहे म्हणे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला ते आपलं पटलं.

जाताना बाईंनी ओठावर बोट ठेवलं आणि डोळे वटारले. आमच्या शाळेत बाबर मास्तर वटारायचे तसे. विनयराव, सुनबाईचं मी ऐकलं नव्हतं. त्या क्षणापासनं मात्र तोंडातनं शब्द नाही.

संध्याकाळी काचेची बरणी आली. टरफलं धुऊन, पाय मोडून, पुदिन्यासोबत उकळलेली, आणि त्यात एक बी होतं, ते फुगून भिजलेल्या कापसाच्या बोळ्याएवढं झालेलं. नाक न दाबता प्यायलो. चव म्हणाल तर पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याची, वर पुदिना.

आता बरणी परत द्यायची. आपल्यात रिकामी देतात का? मी बेसनाचे चार लाडू घातले आणि कुंपणावर ठेवली. सकाळी बरणी परत हजर, काठोकाठ काढा. मी चिवडा घातला. परत काढा. शंकरपाळ्या. काढा. मला वाटलं औषधाचा कोर्सच असेल. त्यांना वाटलं असणार, हा माणूस रोज खाऊ देऊन औषध मागतोय, भारीच आवडलेलं दिसतंय. दिवसाला एक कप पुरला असता, मी बरणीच्या बरणी रिचवत होतो.

पाचव्या दिवशी बरणीच्या बाजूला एक पुडी. उघडली तर पांढऱ्या खडूचे तुकडे. नीट बघितलं तर खडूंना तोंडं होती. रेशमाच्या अळ्या, वाळवलेल्या, कडक. मी तशीच पुडी धरून वळलो तर मागं नेत्रा.

"बाबा, हे काय आहे?"

बोलायचं नाही म्हणून जवळ पाटी ठेवली होती, तिच्यावर मी लिहिलं. स्पेलिंग माझं आहे ते आहे, पण तिनं वाचलं आणि खुर्चीवर बसली.

"किती दिवस?"

पाच बोटं.

"ॲलर्जी चेक केली का? कोळंबी खाऊन अंगावर कधी काही उठलं होतं?"

मी मान हलवली, नाही. कोळंबी आणि हे किडे नात्यातले असतात म्हणे, मला काय माहीत. तिनं लगेच लिनबाईंच्या लेकीला मेसेज केला, झाडावर काही फवारलंय का विचारलं. नव्हतं फवारलेलं. मग जरा शांत झाली. अळ्या मात्र जप्त.

"टरफलांचं मला माहीत नाही बाबा. तुमच्या वयाच्या माणसांवर याचा कुणी धड अभ्यास केलेला मला सापडला नाही. पण तुम्ही पाच दिवस गप्प आहात, त्यानं बरं वाटणारच. आता बरणी रिकामी परत करा, म्हणजे हे थांबेल."

मी पाटीवर दोनच शब्द लिहिले. रिकामी नाही.

शेवटी बरणीत हळदी-कुंकवाच्या अक्षता घातल्या आणि वर लग्नाची पत्रिका. त्यावर काढा आला नाही. दुसऱ्या दिवशी लिनबाईंनी कुंपणावरनं लाल रेशमी जॅकेट दाखवलं. येणार म्हणून.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवसांत आश्लेषा रोज फोन करायची. मी बोलू शकत नाही म्हटल्यावर तीच बोलायची. एरवी "जेवलात का, औषध घेतलं का" एवढ्यावर संपायचं. आता तासभर. आईच्या हातच्या शेंगोळ्या, शाळेतली भांडणं, अनीशचा राग कसा नाकावर असतो. एवढी वर्षं मी तिला बोलूच दिलं नव्हतं की काय कोण जाणे.

पंधरा जून. पार्कात लाउडस्पीकरला परवानगी नव्हती. वरती सिकाडे. पंडितजींचा आवाज खुर्च्यांच्या तिसऱ्या ओळीला पोचेना. अंतरपाट धरला, अनीशच्या फेट्यावर एक सिकाडा बसला होता, तो पोरगा हलला नाही. मला खूण झाली. आठ-नऊ दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

आवाज आला, पण निम्मा. किड्यांपुढे काहीच नाही. पहिलं अष्टक वाहून गेलं. लोक नुसते माझ्या ओठांकडे बघत होते.

मग मी ओरडायचं थांबवलं आणि ऐकलं. किडे एकसारखे ओरडत नाहीत, विनयराव. चढतात, चढतात, मग दम घेतात. सौद्यातसुद्धा असंच असतं. पन्नास जण ओरडत असले तरी मध्ये एक फट पडते, आणि पुकारा करणारा तिथंच बोलतो. मी तसंच धरलं. ते चढले की थांबायचं, उतरले की ओळ टाकायची. चाल मोडली, पंडितजी घड्याळ बघायला लागले, पण शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत गेले. चौथ्या अष्टकाला फट जरा मोठी मिळाली. सुमित्राचं नाव मी शांतपणे घेतलं, घरात हाक मारायचो तसं. अंतरपाटाच्या अलीकडे आश्लेषाचे खांदे हलले. अक्षता पडल्या. पुढच्या खुर्चीत लिनबाई स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून बसल्या होत्या, जणू त्याच गात होत्या.

आता भांडण असं आहे. नेत्रा म्हणते, गप्प बसल्यानं बरं झालं. मी म्हणतो टरफलांनी. देवदत्त दोघांना हो म्हणतो, त्याला घरात राहायचंय. निकाल एकच बाई देऊ शकते आणि तिची भाषा मला येत नाही. घरातल्या कुणाचा फोन घेतला तर नेत्राला कळणार, आणि निकाल तिच्या बाजूनं लागला तर दिवाळीपर्यंत ऐकवेल मला.

तुमच्या फोनात ते आपलं बोलणं चिनीत करून सांगणारं आहे ना? चहा ठेवा तो खाली, चपला घाला, आणि चला माझ्याबरोबर कुंपणापर्यंत. आवाज टरफलांनी आला की गप्प बसल्यानं, एवढंच लिनबाईंना विचारून द्या मला.