दोन पेले उकळलेलं पाणी

बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं, हा आमच्या सासूबाईंचा कायदा. जास्त प्यायलं की म्हणे पोट सुटतं, टाके ओले राहतात, बाळाला सर्दी होते. मे महिना, नागपूरचा पारा सेहेचाळीसवर, आणि मला दिवसाला दोन पेले, तेही उकळून. हॉलमधल्या कूलरला मात्र माझा नवरा सौरव रोज चार बादल्या पाजायचा. त्याची हवा मला वर्ज्य. कानाला स्कार्फ बांधून मी आतल्या खोलीत भाजत होते.

मला आई नाही, म्हणून बाळंतपण हुडकेश्वरला सासरीच. सासूबाईंनी काही कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू! अळीव, शतावरी, मेथी, डिंक, सगळं केलं. पाणी तेवढं सोडून.

दूध काही पुरेना. पोरगी ओढून ओढून लाल व्हायची आणि रडायची. बाराव्या दिवशी तिचं वजन जन्माच्या वजनापेक्षा कमी भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत वाढलं नाही तर वरचं दूध सुरू करू. आणि तुम्ही भरपूर पाणी प्या." मला तिला माझंच दूध द्यायचं होतं. ऑटोत बसून मी घरापर्यंत रडले.

"डॉक्टरले काय माहीत!" सासूबाई म्हणाल्या आणि आणखी लाडू वळायला बसल्या.

मी सौरवकडे बघितलं. मिहानमधल्या कंपनीत हा माणूस अख्खी टीम सांभाळतो. म्हणाला, "दोघींचंही बराबर आहे," आणि कूलर भरायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागलेला बघून मी स्वयंपाकघरात गेले. माठातून तांब्या भरला आणि उभ्यानंच घटाघट प्यायले. दुसरा भरते तो मागे त्या उभ्या.

"कधीपासून चालू आहे हे?"

"आजपासून. पोरगी उपाशी राहून राहिली, आई. मी तं पिईनच."

वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्या माठाजवळ खालीच बसल्या.

"सौरवच्या वेळी मी न्हाणीत पियाची. आंग धुता धुता, चोरून."

"मंग मले काहून नाही दिलं?"

"मले कोणी दिलं वं?"

बोलून गेल्या. मग माझ्या हातातला तांब्या घेऊन त्यांनीच काठोकाठ भरला.

शुक्रवारी वजन वाढलं. सौरवनं साऱ्या नातेवाइकांना फोन केले, आईच्या लाडवांची कमाल म्हणून. सासूबाईंनी कौतुक मुकाट ऐकून घेतलं.

संध्याकाळी त्यांनी भरलेला तांब्या माझ्या खाटेखाली सरकवला, वर जुनं लुगडं टाकलं. "लपवून ठेव वं. कोणी पाहीन."

सौरव ड्युटीवर होता. घरात आम्ही दोघी आणि ती पोर. मला हसू आलं, आणि लगेच रागही आला. कारण त्या दाराकडे बघत नव्हत्या, भिंतीवरच्या आपल्या सासूच्या फोटोकडे बघत होत्या. त्या बाईला जाऊन अठरा वर्षं झालीत.

मी तांब्या बाहेर काढला आणि फोटोसमोर बसून प्यायला लागले. अर्धा झाला तशी सासूबाईंनी हात पुढे केला.

"मले बी दे घोटभर."