डांबर मारलेली फियाट

उत्तनच्या ज्युलियसने होडी विकली, त्याच वर्षी त्याच्या बायकोच्या, व्हेराच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा भाईंदरला डायलिसिसला जायचं. रिक्षाच्या दणक्यांनी तिला येताना ओकाऱ्या व्हायच्या. शेवटी तिने हात टेकले.

"मरायचंच हाय तर घरात मरीन. रिक्षात न्हाय."

"आणि आपली गाडी असली तर?" ज्युलियसने विचारलं.

"लग्नात बसलो तसली फियाट आण. मग येईन."

म्हातारा आता गप्प बसेल असं तिला वाटलं. पण ज्युलियसने पूर्वी मासळीचा टेम्पो चालवला होता. त्याने नवघरच्या एका गृहस्थाकडून पांढरी जुनी फियाट आणून अंगणात उभी केली. सकाळी चोक ओढायचा, पाणी बघायचं, इंजिन तापेपर्यंत थांबायचं, हे सगळं तो हळूहळू शिकला. व्हेरा पुढच्या लांब सीटवर ऐसपैस बसून जाऊ लागली.

"हाक जरा. मागचा टेम्पो शिव्या घालतोय," ती म्हणायची.

"घालू दे. त्याची गाडी माझ्याहून लहान हाय वयाने."

पावसाळा तोंडावर आला तेव्हा काशीगावचा मेकॅनिक आत्माराम म्हणाला, "काका, गाडी आठवडाभर माझ्याकडे टाका. खारी हवा आहे तुमच्याकडे. खालचा पत्रा साफ करून गंज लागू नये म्हणून कोटिंग मारू."

आठवडाभर गाडी नाही म्हणजे व्हेरा जाणार नाही. ज्युलियसने मनाशी हिशेब केला आणि डांबराचा डबा आणला. दर पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढून तो तिला डांबर फासायचा. तसाच तो गाडीखाली उताणा शिरला आणि जाड दोन हात मारले.

"ज्युलियस, समुद्रात घालतोस काय गाडी?" शेजारी म्हणाले.

"घातली तरी बुडायची न्हाय."

सगळा पावसाळा आत थेंब आला नाही. ज्युलियस ताठ मानेने फिरला.

पाऊस सरल्यावर एकदा दवाखान्यातून परतताना चाक खड्ड्यात आदळलं. व्हेराच्या पायाखालचा पत्रा फाटला आणि तिचा पाय आरपार रस्त्यावर गेला. ज्युलियसने ब्रेक दाबेपर्यंत घोट्यापासून खाली कातडं सोलून निघालं होतं.

टाके घालून तिला घरी आणल्यावर तो गाडीखाली शिरला. अंगठा दाबला तर डांबर सालीसारखं सुटून आलं आणि मागून लाल भुगा तोंडावर पडला. खाऱ्या हवेचं पत्र्यावर बसलेलं मीठ आणि ओल त्याने न धुता, न वाळवता आतच कोंडली होती. लाकूड डांबर पितं. लोखंड पीत नाही. जन्मभर लाकडात हात घातलेल्या माणसाला ते सुचलंच नव्हतं.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी त्याने दारात रिक्षा आणली. सीटवर दोन गोधड्या घातल्या.

"ऊठ. सावकाश न्यायला सांगितलंय."

व्हेराने मान हलवली. "परत पाठव त्याला."

"आजच्या दिवस चल. गाडी मी नीट करून घेतो."

"गाडीवर राग न्हाय माझा. तुझ्यावर बी न्हाय. चांगली फिरवलीस मला," ती म्हणाली. "आता पुरे."

तो उंबऱ्यात उभा राहिला. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला.

"जाओ भाई," ज्युलियस म्हणाला. "नहीं आएगी."

आत येऊन तो खाटेच्या पायथ्याशी बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि घाण झालेली पट्टी सोडू लागला.