मागून आलेला सूर

जागेश्वरचा वरचा डावा पुढचा दात जिभेने ढकलला की तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका पुढे येई आणि जीभ काढली की परत जागेवर जाई. सकाळी हे अंतर थोडे कमी असे, वाजवून झाल्यावर थोडे जास्त. गेल्या तीन वर्षांत ते हळूहळू वाढत गेले होते. भंडाऱ्यातल्या चर्चच्या बाजूच्या ओट्यावर बसून तो सव्वाअकरापासून आता सातव्यांदा ते तपासत होता.

"त्याले सुखानं बसू द्या ना भाऊ," शेजारी बसलेला घनश्याम म्हणाला. "हलवून हलवून आजच हातात घेता का?"

"तुले काय दिसते गा तोंडातलं?"

"गाल दिसते. आतून उंदीर फिरल्यावानी."

घनश्याम बँडचा लाल कोट घालूनच आला होता. सोनेरी गोंड्यांचा तो कोट चर्चच्या पांढऱ्या भिंतीपुढे फार मोठ्याने ओरडत होता. पण त्याला इलाज नव्हता. संध्याकाळी लाखांदूरला वरात होती. बाकीची दहा माणसे ढोल-ताशे घेऊन सकाळच्याच एसटीने पुढे गेली होती. चर्चमधले गाणे आटोपले की दोनच्या गाडीने ह्या दोघांनी निघायचे ठरले होते. म्हणून घनश्यामच्या मांडीवर त्याचा ट्रंपेट होता आणि जागेश्वरचा लाल कोट पिशवीत होता. अंगात मात्र त्याने चंद्रकांता मॅडमनी सांगितल्याप्रमाणे पांढरा सदरा घातला होता.

चंद्रकांता मॅडम नागपूरच्या. तिथल्या एका शाळेत शिकवत आणि रविवारी गाणाऱ्यांना जमवत. अडीचशे वर्षांपूर्वीची जर्मन रचना त्यांनी बसवली होती. चोवीस गाणारे, नऊ व्हायोलिन, दोन मोठी चेलो, एक पायपेटी आणि एक ट्रंपेट. ट्रंपेट वाजवणाऱ्याची ऐनवेळी बदली झाली. स्वरलिपी वाचू शकणारा दुसरा माणूस शोधताना कुणीतरी भंडाऱ्याच्या जागेश्वरचे नाव सांगितले. तरुणपणी तो पोलीस बँडच्या एका निवृत्त मास्तरांकडे शिकला होता. साऱ्या जिल्ह्यातल्या बँडवाल्यांत कागदावरचे सूर वाचणारा तो एकटाच.

महिन्यापूर्वी मॅडम स्वतः घरी आल्या होत्या. पुष्पाबाईने, म्हणजे जागेश्वरच्या बायकोने, त्यांना खुर्ची दिली आणि दारात उभी राहून ऐकत राहिली. मॅडमनी कागद उलगडला आणि बोट ठेवले.

"ही ओळ दोनदा येते. दोन्ही वेळा शेवटी हा वरचा सूर आहे. त्या वेळी बाकी सगळे थांबतात, तुम्ही एकटेच असता. सूर स्वच्छ लागेल ना? शंका असेल तर आत्ता सांगा, मी ती ओळ व्हायोलिनला देते. त्यात काही कमीपणा नाही."

जागेश्वरने कागदाकडे पाहिले. सूर येत नव्हता हे त्याला माहीत होते. वरच्या सुराला ट्रंपेट दातांवर दाबून धरावा लागे आणि हलता दात तो दाब सोसत नसे. पाच वेळा प्रयत्न केला तर एकदा येई, तोही सकाळी, दात कमी हलत असताना.

"येते ना," तो म्हणाला. "त्यात काय."

मॅडम गेल्यावर पुष्पाबाई खुर्ची उचलता उचलता म्हणाली, "त्या बाईनं सरळ विचारलं होतं."

"तू भाताकडे पाहाय."

"भात झाला," ती म्हणाली. "मऊच केला हाये."

ह्या सुराची गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. तुमसरला एक वरात होती. नवरदेव मांडवाच्या दाराशी आला की जागेश्वर थांबत असे, ट्रंपेट आभाळाकडे करत असे आणि एक लांब सूर चढवत नेत असे. वीस वर्षे लोक त्या सुराची वाट पाहत. त्या दिवशी त्याने फुंकले आणि नुसती हवा आली. ती हवा कुणाला ऐकू जायच्या आत मागच्या ओळीतून तोच सूर आला, त्याच उंचीचा आणि तितकाच लांब. लोकांनी जागेश्वरच्या पाठीवर थापा मारल्या. त्याने मागे वळून पाहिले नाही. मागच्या ओळीत घनश्याम होता.

पुढच्या वरातीत पुन्हा तसेच झाले. मग ते होतच राहिले. जागेश्वर ट्रंपेट वर करी, गाल फुगवी, डोळे मिटे. मागून घनश्याम वाजवी. हळूहळू जागेश्वरने त्या जागी फुंकणेच सोडले. दर वर्षी लग्नसराई संपली की तो मनाशी ठरवी, घनश्यामला सांगायचे की आता तू समोर हो. पावसाळा जाई, दिवाळी जाई, ढोलावरचे 'जागेश्वर ब्रास बँड' हे नाव पुन्हा रंगवून घेतले जाई, आणि पहिल्या वरातीत जागेश्वर पुन्हा सगळ्यांच्या पुढे उभा असे.

सकाळच्या तालमीत त्या ओळीपाशी त्याने खालच्याच पट्टीत वाजवले.

"ओठ राखून ठेवतो मॅडम."

मॅडमनी मान हलवली. त्यांच्या ओळखीचे सगळे ट्रंपेटवाले तालमीत असेच करत असावेत. त्यांनी विश्वास ठेवला.

बाराला पाच मिनिटे असताना लोक चपला बाहेर काढून आत येऊ लागले. दवाखान्यातल्या नर्सबाया, चर्चची माणसे, पितळेच्या भांड्यांचे दोन-तीन व्यापारी, वकील, कॉलेजातली मुले. नागपूरच्या मंडळींना चारच्या गाडीने परतायचे होते, म्हणून कार्यक्रम भर दुपारी ठेवला होता. घनश्याम शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसला. ट्रंपेट मांडीवर होता, कारण खाली ठेवला तर कुणाचा पाय लागेल अशी त्याला धास्ती होती.

जागेश्वर आयुष्यात पहिल्यांदा हातात वाद्य धरून गप्प बसला होता. बँडात गप्प बसायची जागाच नसते. रस्ता संपेपर्यंत वाजवायचे असते. इथे कागदावर त्याच्यासाठी चौसष्ट मात्रांची गप्पगिरी लिहिली होती. तो बोटांवर मोजत राहिला. समोर बायकांनी एक ओळ उचलली. ती संपायच्या आत पुरुषांनी तीच खालून धरली, मग मधल्यांनी. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, एका टोकाची बाई गाणे सुरू करते आणि तिचे संपायच्या आत दुसऱ्या टोकाची बाई तेच उचलते, तसे. त्याला ते फार आवडले. इतके की क्षणभर तो मोजणे विसरला आणि शेजारच्या एका व्हायोलिनवाल्या बाईंनी डोळे मोठे केल्यावर भानावर आला.

त्याची ओळ आली. पहिले सूर छान लागले. चर्चचे छत उंच होते, सूर वर जाऊन थोडा थांबून परत येत होता. मग सगळे थांबले. जागेश्वरने श्वास घेतला आणि मनापासून फुंकले.

हवा आली.

आणि मागून सूर आला.

भरीव, सरळ, जरासाही न थरथरता. सगळ्या माना वळल्या. शेवटच्या बाकावर लाल कोटातला घनश्याम डोळे मिटून, ट्रंपेट वर करून वाजवत होता. महिनाभर जागेश्वरच्या घरी बसून त्याने ही ओळ ऐकली होती; त्याला कागदाची गरज नव्हती. त्याने काही ठरवूनही केले नव्हते. जागेश्वरची हवा ऐकू आली की हात आपोआप वर जायचा, तसा गेला. सूर संपवून त्याने डोळे उघडले, आणि इतके चेहरे आपल्याकडे वळलेले पाहून ट्रंपेट घाईघाईने बाकाखाली सरकवला.

मॅडमचा हात क्षणभर थांबला होता. मग तो पुन्हा हलू लागला, गाणारे पुढे गेले. एक व्यापारी शेजाऱ्याला कुजबुजला, "मागं एक माणूस बसवून ठेवला. डोकं लागते याले." दोघे कौतुकाने जागेश्वरकडे पाहू लागले.

तीच ओळ पुन्हा येणार होती. मध्ये बावीस मात्रा होत्या. बावीस मात्रांत जागेश्वरला काही करता आले असते. मॅडमकडे पाहून मान हलवता आली असती. पहिल्या व्हायोलिनवाल्या बाई जेमतेम दोन हातांवर होत्या, त्यांना खूण करता आली असती. त्याने तसे काहीच केले नाही.

ओळ आली. सगळे थांबले. जागेश्वरने ट्रंपेट वर केला, गाल फुगवले, डोळे मिटले.

आणि वाट पाहिली.

किती वेळ गेला ते त्याला नंतर सांगता आले नसते. चार मात्रा असतील. मागून काही आले नाही. त्याने डोळे उघडले तेव्हा चर्चमध्ये पूर्ण शांतता होती, उंच खिडक्यांतून दुपारचे ऊन सरळ त्याच्यावर पडले होते आणि पहिल्या रांगेतली एक लहान मुलगी त्याच्या फुगलेल्या गालांकडे बघत होती. हा माणूस फुंकतच नाही, हे तिला कळले होते. मॅडमनाही कळले होते. त्यांनी डाव्या हाताने व्हायोलिनकडे खूण केली; एक बारीक सूर आला आणि रचना पुढे गेली.

टाळ्या झाल्या. माणसे उठली. चर्चची व्यवस्था बघणारे गृहस्थ तरातरा शेवटच्या बाकाकडे गेले.

"हे काय वरात समजून राहिले का तुम्ही? देवाच्या घरात बसले होते ना?"

"चूक झाली साहेब," घनश्याम उठून उभा राहिला.

"लाल कोट घालून आले, तेही आम्ही चालवून घेतलं. कार्यक्रमाची वाट लावली तुम्ही. त्या वाजवणाऱ्याचा सूर गेला तुमच्यामुळे. दुसऱ्या वेळेस बिचारा घाबरून वाजवूच शकला नाही."

"हो साहेब. माझ्याच्यानंच झालं. भाऊचा काही दोष नाही."

जागेश्वर तीन पावलांवर उभा होता. ट्रंपेट पिशवीत घालत होता. पिशवीचा बंद त्याने बांधला, सोडला, पुन्हा बांधला. तोंड उघडायला एवढा वेळ पुरेसा होता.

चंद्रकांता मॅडम आल्या. त्या रागावल्या नव्हत्या; रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"मागे वाजवणारे कोण?" त्यांनी विचारले.

"आमच्या बँडातला एक हाये," जागेश्वर म्हणाला. घनश्यामचे नाव त्याच्या तोंडून निघाले नाही.

"मी तुम्हाला विचारलं होतं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या आणि चेलोवाल्यांना गाडीची वेळ सांगायला निघून गेल्या.

दोनची एसटी सव्वादोनला सुटली. दोघे शेजारी बसले. घनश्यामने पिशवीतून मुरमुरे काढले.

"घ्या."

"नको."

"मी झोपलो होतो भाऊ तिथं अर्धा. गार वाटत होतं ना. हवा ऐकू आली अन् हात गेला."

"हं."

"दुसऱ्या वेळेस म्हटलं, आता वाजवलं तर मारते हे लोक. म्हनून नाही वाजवलं. तुमी थांबून राहिले होते, ते दिसलं मले." त्याने मुरमुरे पुन्हा पिशवीत ठेवले. खिडकीबाहेर धानाच्या कापणीनंतरच्या रिकाम्या बांध्या मागे जात होत्या. "वाजवाले पाहिजे होतं."

तो माफी मागत होता. हे जागेश्वरच्या ध्यानात आले तेव्हा त्याने मान दुसऱ्या बाजूला वळवली. बस दोनदा थांबली, माणसे चढली-उतरली, एका म्हाताऱ्याने टोपली त्याच्या पायावर ठेवली. दोनदा त्याने घसा साफ केला. दोन्ही वेळा घनश्यामने विचारले, "पानी देऊ का?" आणि दोन्ही वेळा तो "नको" म्हणाला.

लाखांदूरला शाळेजवळ वरात तयार होती. नवरदेवाचा घोडा आला होता. बँडची माणसे लाल कोटात रांगा करून उभी होती. सगळ्यांच्या पुढे एक जागा मोकळी होती, मागच्या ओळीत उजवीकडे एक.

"या या, मालक," ढोलवाला टेकचंद ओरडला. "चर्चातून बाप्तिस्मा घेऊन आले का? उशीर झाला ना."

माणसे हसली. जागेश्वरने कोट चढवला, ट्रंपेट काढला आणि रांगांच्या कडेने चालत मागे गेला. मागच्या ओळीतल्या मोकळ्या जागेवर जाऊन उभा राहिला. ती जागा घनश्यामची होती. हसणे थांबले.

"भाऊ," घनश्याम जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "लोक पाहून राहिले. मुलीकडले लोक हायेत. चला समोर."

जागेश्वरला त्याच्या कानात सांगता आले असते. त्याने मान वर केली आणि पुढच्या ओळीतल्या टेकचंदलाही, घोड्याजवळ उभ्या असलेल्या नवरदेवाच्या मामालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"तीन वर्षांपासून मांडवापाशी वरचा सूर घनश्यामच वाजवते. मी नुसते गाल फुगवतो. घनश्याम, समोर तू चालजो. आजच्यापुरतं नाही, आता नेहमीसाठी."