दुसऱ्या भागातून काय गळलं

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. टीव्हीसमोर बसून लढाईचे गेम खेळताना ज्याची बटणं दाबतात, तोच. या घरातली आई मात्र मला आजतागायत ‘रिमोट’च म्हणते. दोन-चार वेळा तिनं मला टीव्हीकडे रोखून आवाज कमी करायचा प्रयत्नही केला आहे.

माझा जन्म कारखान्यातला. गेममध्ये गोळी सुटली की खेळणाऱ्याच्या तळहाताला हादरा बसावा, म्हणून माझ्या पोटात दोन छोट्या मोटरी बसवल्या. मग एका यंत्राच्या लोखंडी बोटानं माझं एकेक बटण जीव जाईस्तोवर दाबून पाहिलं आणि मला डब्यात बंद केलं.

या घरात मी आलो तो भांडण मिटवायला. घरात काळ्या रंगाचा एक कंट्रोलर होता आणि भावंडं दोन. थोरला दादा, आणि त्याच्या पाठची बहीण, जिला तो चिमी म्हणतो. काळा दादाच्या हातात गेला की चिमीच्या डोळ्यांना धार लागायची. मी आलो आणि घर शांत झालं. शांत म्हणजे काय, तर भांडणाऐवजी गोळीबार सुरू झाला.

ती दोघं एका युद्धाच्या गेमचा पहिला भाग खेळायची. पडद्याचे दोन भाग व्हायचे. वर दादा, खाली चिमी. चित्रं ओबडधोबड, सैनिकांची तोंडं बटाट्यासारखी. पण त्यात एक नियम होता. जोडीदार पडला की त्याला पाठीवर घेऊन आपल्या छावणीपर्यंत न्यायचं. पाठीवर माणूस असताना पळता यायचं नाही, बंदूकही चालवता यायची नाही. मग दोघं एकमेकांवर खेकसायची.

“चिमे, डावीकडे बघ, डावीकडे!”

“तू आधी हल ना! गोगलगाय तरी बरी!”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच.

पुढे दादा खरोखरच सैन्यात गेला. चिमी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत गेमची परीक्षणं लिहू लागली. काळा निकामी झाला, मी एकटा उरलो. त्या गेमचा दुसरा भाग बाजारात आला, तेव्हा दादा सुट्टीवर घरी आला होता.

“दादा, तू खेळ. मी नुसती बघते आणि लिहिते,” चिमी म्हणाली. “खरा फौजी घरात असताना मी कशाला अंदाजानं ठोकू?”

तसंही दोघांना मिळून खेळता आलंच नसतं. एका पडद्यावर दोघांनी खेळायची सोय या भागात काढूनच टाकली होती. दादानं मला हातात घेतलं. पूर्वी त्याचे तळहात मऊ होते. आता त्यांना घट्टे पडले होते.

न्यायानं बोलायचं तर दुसरा भाग देखणा होता. पावसानं भिजलेली भिंत ओली दिसायची. पहिल्या भागात कुठलीही बंदूक झाडा, मी एकसारखाच थरथरायचो; आता प्रत्येक बंदुकीचा हादरा वेगळा होता. माझ्या मोटरींना इतकं बारीक काम कुणी कधी दिलंच नव्हतं. दादाही मान डोलावत होता.

“खडीवरचं पाऊल वेगळं, चिखलातलं वेगळं. हे बरोबर केलंय. आणि पळाल्यावर धाप लागते बघ, नेम हलतो. हेही बरोबर.”

“आणि खटकतं काय?” चिमीनं मांडीवरच्या लॅपटॉपवर टाइप करत विचारलं.

“शत्रू बिनडोक आहेत. समोर गोळ्या चालल्यात आणि हे आपले लग्नात फोटोला उभं राहिल्यासारखे उभे!”

दोघं खळखळून हसली. शेजारी आईचं शिवणयंत्र चालू होतं, तीही हसली.

मग जळालेल्या गावातली लढाई आली. दादाबरोबरचा, गेमनंच चालवलेला जोडीदार पडला. पडद्यावर ‘बटण दाबा’ असं उमटलं. दादानं दाबलं, जोडीदाराला एक सुई टोचली गेली आणि तो उठून विनोद करू लागला. पुढच्या वळणावर तो जोडीदार पुन्हा पडला, आणि या वेळी मेला. दादानं दोन गोळ्या झाडल्या, मागे वळला, तर जमीन मोकळी.

तो पडद्यावर गोल गोल फिरू लागला.

“कुठे गेला?”

“कोण?”

“तो. आत्ता इथे पडला होता.”

“मशीनवर ताण पडतो ना दादा, म्हणून पडलेल्यांना पुसून टाकतात.”

गेममधला आवाज ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणून ओरडत होता. दादाच्या हातांना घाम फुटला. माझ्या पाठीवर तो गार गार लागला. त्यानं मला खाली ठेवलं. आईचं यंत्रही थांबलं.

“आमच्या तुकडीत एक मास्तर होता,” दादा म्हणाला. “शिकवायचा नाही काही, पण सतत दुसऱ्यांची भाषा सुधारायचा, म्हणून मास्तर. तो गेला तेव्हा त्याला डोंगरावरून खाली आणायला आम्हाला आख्खी दुपार लागली. मी पायांकडून धरलं होतं. वाटेत त्याचा एक बूट निसटला. मी परत जाऊन तो घेऊन आलो. आता बुटाचं काय करायचं होतं? पण आणला.” त्यानं पडद्याकडे बोट केलं. “पहिल्या भागात जोडीदाराला उचलायला लागायचं. आपण वैतागायचो. पण बरोबर तेच होतं, चिमे. हे चूक आहे. आवाज सगळे खरे, आणि माणूस खोटा. लिही हे.”

चिमीनं शब्द न् शब्द लिहिला. डोळे पुसत लिहिला, हे मी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी दादा बाहेर गेला असताना संपादकाचा फोन आला. चिमीनं तो स्पीकरवर टाकला. मी तिच्या लॅपटॉपशेजारीच होतो.

“झकास लिहिलंयस,” संपादक म्हणाला. “फक्त ते मेलेल्याचं काढ. लोक गेम घ्यावा की नाही हे बघायला परीक्षण वाचतात, सुतक पाळायला नाही.”

“पण सर, भावाचं खरं म्हणणं तेच आहे.”

“त्याचं ‘हे बरोबर केलंय’ आहे ना? ते मथळ्यात घे. पहिल्या पानावर लावतो.”

चिमी बराच वेळ नखं कुरतडत बसली. मग तिनं मास्तर काढला. बूट काढला. उचलून आणलेली दुपार काढली. परीक्षण छापून आलं, ‘हे बरोबर केलंय! खऱ्या सैनिकाची पसंती’.

दादानं ते वाचण्याआधीच त्याला फोन आला. शिवणयंत्राच्या खडखडाटात ऐकू येईना, म्हणून त्यानं स्पीकर लावला. मास्तरची बायको बोलत होती.

“भावजी, पेपरात वाचलं. बहिणीनं लिहिलंय म्हणजे तुम्हीच ना ते? पोरगा हट्ट धरून बसलाय, गेम घे म्हणतो. मी नकोच म्हणत होते. पण तुम्ही बरोबर आहे म्हणालात, तर घेऊन देते. बाबा तिकडे कसा होता, ते त्याला दिसेल तरी.”

दादानं टेबलावरचा पेपर ओढून परीक्षणावरून नजर फिरवली.

“घेऊ नका, वहिनी.”

“का हो? मग पेपरात का तसं...”

“मी नंतर बोलतो,” एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

चिमी दारातच उभी होती.

“माझं निम्मं बोलणं कुठे गेलं?” दादानं विचारलं.

“जागा नव्हती, दादा.”

आईनं मान वर करून चिमीकडे पाहिलं. संपादकाचा फोन तिनंही ऐकला होता. पण ती गप्प राहिली, आणि मला तर तोंडच नाही.

“बरं,” दादा म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. सुट्टी शिल्लक असतानाच तो परत गेला.

त्या परीक्षणानं चिमीचं नाव झालं. कंपन्या आता तिला नवे गेम घरपोच पाठवतात, नवे कंट्रोलरही. माझी पकड चिकट झाली आहे, एक मोटर बंद पडली आहे. आईनं मला शिवणयंत्राच्या खणात, रिळांबरोबर ठेवलंय. तिथून मला घरातलं सगळं ऐकू येतं. दादाचा फोन येतो तो आईला. कधीतरी आई तो चिमीच्या हातात कोंबते. चिमी विचारते, “कसा आहेस? तिकडे काय चाललंय?” तो म्हणतो, “बरा आहे.” ती आणखी काहीबाही विचारत राहते. तो पुन्हा म्हणतो, “बरा आहे,” आणि आईला द्यायला सांगतो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. आम्ही वस्तू झिजायलाच असतो, आणि बाजारात आमच्यासारखे ढिगानं मिळतात. पण एखाद्या माणसानं काळजावर दगड ठेवून तुम्हाला काही सांगितलं, तर ते पुढे सांगताना सगळं सांगा. नाही तर सांगूच नका. त्यातलं सोयीचं तेवढं ठेवून बाकीचं पुसलंत, तर तो तुमच्याशी भांडायलाही येणार नाही. तुम्ही विचाराल तेव्हा तो फक्त बरा असेल.