कोरं शीड

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा की तुम्ही भिंतीवर टांगलेले आहात. समोरचं सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, चूक होत असली तर तीही कळते. पण बोलता मात्र येत नाही. आता माझा वैताग तुमच्या लक्षात येईल. मी एक जुनी तसबीर आहे, जलरंगात काढलेली. वय शंभराच्या पुढे, मुक्काम सौदी अरेबियातलं अल खर्ज.

जन्म माझा कोकणातल्या एका खाडीकाठी झाला. अण्णासाहेब नावाचे चित्रकलेचे मास्तर सुट्टीत गावोगाव पायी फिरत आणि दिसेल ते रंगवत. कुठे भाताची मळणी, कुठे माडाखालची घरं. एका सकाळी त्यांनी विहिरीचं पाणी पितळी वाटीत घेतलं आणि मला रंगवायला बसले. हिरवी शेतं, मागे निळे डोंगर, मधोमध शिडाची होडी. शीड पांढरं होतं. तिथे त्यांनी ब्रश टेकवलाच नाही. जलरंगात त्यांची रीतच ती. पांढरं दाखवायचं तर कागद कोरा सोडायचा. शिडाच्या कडेने पाणी रंगवताना त्यांनी श्वास रोखून धरला होता, ते मला अजून आठवतं.

त्या होडीचा होडीवाला त्यांना नेहमी फुकट खाडीपलीकडे सोडायचा, म्हणून अण्णासाहेबांनी मला त्याच्याच हाती ठेवलं. तो होडीवाला म्हणजे माझा आताचा मालक सिराजुद्दीन, त्याचा पणजोबा. त्याच्या घरातल्या अंधाऱ्या, गार माजघरात माझी बरीच वर्षं सुखात गेली. पुढे गावचं घर बंद झालं. सिराजुद्दीन इथल्या दुधाच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याने मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून इथे आणलं.

आणि टांगलं कुठे, तर पश्चिमेच्या खिडकीसमोर. येणाऱ्याची पहिली नजर तसबिरीवर पडावी, ही त्याची हौस. त्याची बायको हफीजा इस्पितळात नर्स आहे. ती पडदा लावायची, हा उघडायचा. अस्राची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली की ऊन थेट माझ्या तोंडावर. आठ वर्षं असं चाललं. आधी डोंगर गेले, मग शेतं फिकट झाली. मी रोज मनात ओरडत होते. कागदाचं कोण ऐकतं?

शेवटी सिराजुद्दीनने ताजुद्दीनला बोलावलं. तो रायगडकडचा, दुधाच्या ट्रकांवर अक्षरं रंगवणारा कारागीर. त्याने मला जवळून पाहिलं आणि मान हलवली.

"सिराजभाई, डोंगर तर उडालेच. आणि हे शीड बघा, मास्तर रंगवायचंच विसरला. शुक्रवारी ऑइलपेंट घेऊन येतो. ट्रकांवर मारतो तोच. तुमची नातवंडं म्हातारी होतील, पण रंग हलायचा नाही."

पणजोबांचं शीड अर्धवट नको, असं म्हणत सिराजुद्दीनने आनंदाने होकार दिला. माझ्या अंगावर ट्रकचा रंग! संताप संताप झाला माझा.

त्यांची दहा वर्षांची मुलगी मेहेक तेव्हा टेबलाशी बसून शाळेसाठी माझंच चित्र उतरवत होती. तिने आधी सगळं पाणी निळं रंगवलं आणि शिडावर पांढरा रंग चढवला. खालचा निळा वर आला, शीड मळक्या फडक्यासारखं दिसायला लागलं. तिने आणखी रंग थापला, ते आणखी मळलं. चिडून तिने दुसरा कागद घेतला. या वेळी शिडाची जागा कोरीच सोडली. ब्रश उचलला, तर शीड उन्हात असल्यासारखं उजळलेलं. मग ती माझ्याकडे बघत बसली. इतका वेळ माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतर ताजुद्दीन आला. डब्याचं झाकण उघडलं, घरभर वास सुटला. मेहेकने दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले.

"अब्बा, वो खाली नहीं है," ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "जे कोरं आहे, तेच शीड आहे."

ताजुद्दीनने चष्मा लावला. आधी एक कागद, मग दुसरा. "पोरगी मला माझा धंदा शिकवतेय," तो पुटपुटला, पण ब्रश खाली ठेवला.

"बरं, शीड राहू दे. पण डोंगर तर रंगवा," असं म्हणून सिराजुद्दीनने मला खिळ्यावरून उतरवलं. सगळ्यांच्या नजरा भिंतीवर गेल्या. माझ्यामागे भिंतीचा रंग हिरवागार होता. बाकीची सगळी भिंत उन्हाने उडून बिस्किटासारखी झाली होती.

"माझं नका ऐकू," हफीजा म्हणाली, "आता भिंतीलाच विचारा."

सिराजुद्दीनने डब्याचं झाकण स्वतः लावलं. "यल्ला, चला ताजुद्दीनभाई, चहा घेऊ," एवढंच तो म्हणाला.

मित्रांनो, माझे डोंगर काही परत येणार नाहीत. म्हणून सांगते, जुन्या वस्तूला दुरुस्त करायला धावण्याआधी ती कशी घडली, ते तरी बघा.

मेहेकने मला आतल्या बोळात टांगलं, जिथे ऊन येत नाही. मग बाहेरच्या खोलीत जाऊन रिकाम्या खिळ्यावर स्वतःचं दुसरं चित्र लावलं. तेही उडेल ना, असं अम्मीने विचारलं.

"उडालं तर मी पुन्हा काढीन," ती म्हणाली. खुर्चीवरून उतरली, चित्राकडे जरा वेळ पाहिलं, आणि जाऊन पडदा ओढून घेतला.